गंगेच्या आधी

"सांड ते पाणी," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या हातात माहेरचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. डोक्यावर गाठोडं, काखेत दुरडी, आणि गावापासून पाऊण कोस तापली वाळू तुडवत मी तो तांब्या हिंदकळू न देता आणला होता. मी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सांड म्हणते ना. आपल्या वाडीवर पाणी पीत नसतेत, पदमीन."

"मग तहान लागल्यावर काय करतेत?"

"खातेत."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि वाळूवर पालथा केला. ओला डाग पडला आणि बघता बघता वाळला. मला असा राग आला म्हणता! पण एकोणीस वर्षांची सून सासूला काय बोलणार? मी तांब्या उचलून खोपीत नेऊन आदळला, तेवढाच.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपताबाई. आम्ही भोई. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. थंडीत गंगेचं पाणी हटतं, पलीकडच्या काठाला नुसती एक धार उरते आणि अलीकडं सगळी वाळू उघडी पडते. त्या वाळूत ओल लागेपर्यंत चर खणायचे, शेणखत घालायचं आणि टरबूज, खरबूज, वाळूक, दोडका, दुधी लावायचा. फळ धरलं की तिथंच तुराट्यांची खोपी घालून मिरगापर्यंत राहायचं. त्याला आम्ही वाडी म्हणायचो. आता वाळूच राहिली नाही तर वाडी कुठली! पण मी सांगतेय ती पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण वाडीवर राहायला मी पहिल्यांदाच आले होते. पहिलं लेकरू पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. माहेरी रडून रडून परत आले, आणि आता चौथा सरून पाचवा लागला होता. एवढं एक टिकू दे, बाकी मला काही नको, असं मी उठताबसता देवाला म्हणायची. असल्या दिवसांत सासूनं पाणी तोडावं?

मी ह्यांना विचारलं. आमचे हे, लिंबाजी, भलते अबोल. वेलीखाली गवत अंथरत होते, वरसुद्धा बघितलं नाही.

"आई म्हणती तसं कर."

"अहो, पण का?"

"मला कळतंय तसं हेच चाललंय. का म्हणून विचारलं की ती दोन दिवस जेवत नाही. तू विचारू नको."

झालं! म्हणजे ह्या घरात विचारायचीही चोरी.

तर मग आम्ही पाणी खायला लागलो. उठल्या उठल्या वाळूक. भाकरीचं पीठ दुधीच्या किसात मळायचं, दोडक्याचं कालवण त्याच्या अंगच्या रसात शिजवायचं. दुपारी टरबूज, दिवस कलला की खरबूज. आंघोळीला, भांडी घासायला धारेवर जायचं, पण तोंडात थेंब घ्यायचा नाही. खोटं कशाला बोलू, अंगाला काही कमी पडलं नाही. चैतातल्या उन्हात ओठ फुटले नाहीत, चक्कर आली नाही, लघवीला जळजळ झाली नाही. उलट तोंडावर तेज आलं. आत्याबाई सारख्या माझ्या हातात फोडी द्यायच्या. "खा माय, तू दोन जिवांची. वेलीनं गाळलेलं पाणी हाय हे. ह्याच्यात काही येत नाही."

पण गळ्याचं काय करायचं? माझ्या माहेरी दारात आड. मान वर करून घटाघटा पाणी प्यायची मला लहानपणापासूनची खोड. टरबुजानं पोट भरायचं, तहान जायची, आणि तरी गळा म्हणायचा, पाणी, पाणी. सपनातसुद्धा मला आडाचा रहाट ऐकू यायचा.

आमच्या वाडीवरचा दुसराही रिवाज जगावेगळा होता. सगळ्या गंगेकाठाला पहिलं फळ गंगेचं. पहिलं टरबूज उतरलं की त्याला हळदकुंकू वाहून धारेत सोडायचं, मगच माणसानं तोंड लावायचं. आत्याबाईंनी मात्र पहिलं फळ उतरवलं आणि ते काखेत मारून थेट शेजारच्या कोंडाबाईच्या वाडीवर गेल्या. कोंडाबाईची धाकटी पोर वाळूत खेळत होती. आत्याबाईंनी विळ्यानं फळ फोडलं, तिला मांडीवर घेतलं आणि ती पोट भरून खाईस्तोवर तिच्याकडं बघत बसल्या. उरलेलं आम्ही खाल्लं. गंगेला दुसऱ्या दिवशी दुसरं दिलं.

"तुझी सासू गंगेला उष्टं खाऊ घालती," कोंडाबाई मला म्हणाली. "एक दिवस ती कोपंल. सांगून ठेवते."

"मला काय सांगता? तिला सांगा की."

"तिला कोण सांगणार बाई!" असं म्हणून कोंडाबाई आपल्या वेलींकडं वळली. तिला काहीतरी ठाऊक होतं, पण तिनं ते गिळलं.

त्यानंतर आठेक दिवसांनी ते सुरू झालं.

भर दुपार होती. हे रोजच्यासारखे फळं विकायला गावात गेलेले, आत्याबाई खोपीत पडलेल्या. वाळूवर वारा नाही, पाखरू नाही, लांबवर कुठं माणूस नाही. मी सावलीला वाळूक चिरत होते, तेवढ्यात वेलीतून आवाज आला. टक, टक.

टरबूज पिकलं का बघायला आपण टिचकी मारतो ना, तसा. मला वाटलं, हे आले. थोड्या वेळानं पुन्हा, दुसऱ्या फळावर. टक, टक. मग तिसऱ्यावर. मी उठून चरांमधून शेवटापर्यंत गेले. कुणी नव्हतं. पण शेवटच्या चराच्या तोंडाशी वाळू उकरलेली होती, हातभर खोल, आणि तळाला नितळ पाणी साचलं होतं. झिरा म्हणतात त्याला. वाळू उकरली की खालचं पाणी झिरपून वर येतं. उकरलेली वाळू अजून ओली होती, म्हणजे आत्ताच कुणीतरी उकरली होती.

मी तिथं किती वेळ बसले, मला सांगता यायचं नाही. मागून आत्याबाईंची हाक आली आणि मी दचकून उठले. त्या पळत आल्या, झिरा बघितला आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"पिलीस का?"

"नाही."

"माझ्या गळ्याची आण घे."

"नाही म्हणले ना, आत्याबाई! आत्ताच दिसला मला. ह्यांनी काढला असंल."

आत्याबाईंनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू ढकलली, झिरा बुजवला आणि वर उभ्या राहून पायानं दाबला. तेव्हा मी झिऱ्याच्या कडेला उमटलेली बोटं बघितली. पाच बोटं, पण सगळा पंजा माझ्या तळहातात मावेल एवढाच. कोंडाबाईची पोर येऊन गेली असंल, असं मी मनाशी म्हटलं आणि तेच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टक, टक. झिरा दोन चर अलीकडं. तिसऱ्या दिवशी आणखी तीन चर अलीकडं. कोंडाबाईला मी आडून विचारलं, तर तिची पोर चार दिवस झाले आजोळी गेलेली.

आत्याबाई रोज झिरा बुजवायच्या. ह्यांच्यापुढं एक अक्षर काढायच्या नाहीत, आणि मलाही डोळ्यांनी दटावायच्या. रोज एकच विचारायच्या, पिलीस का. मी रोज नाही म्हणायची. त्यांनी रात्रीची झोप टाकली, जेवण टाकलं. माझ्यामागं सावलीसारख्या फिरायच्या. मी बाहेर गेले तरी त्या चार पावलांवर उभ्या. मला भीती वाटायला लागली होती ती त्या झिऱ्याची की आत्याबाईंची, तेच मला कळेना. एकदा मी ह्यांना म्हणले, मला माहेरी सोडा. तर आत्याबाई म्हणाल्या, "आता कुठं न्यायचं नाही तिला. आता माझ्या नजरंआड करायचं नाही."

सहाव्या दिवशी झिरा खोपीच्या दारात निघाला. मी उंबऱ्यापाशीच बसले होते, भाकरीचं पीठ मळत. परातीवरून नजर काढली तर दोन हातांवर पाणी. माझ्या डोळ्यांदेखत उकरणारं कुणी नव्हतं आणि उकरल्याचा आवाजही नव्हता. मी पोटाला दोन्ही हात लावून बसून राहिले, पिठाच्या हातांनी.

सातव्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी मला खोपीत चटईवर निजवलं. स्वतः शेजारी निजल्या आणि माझ्या पदराची त्यांच्या पदराशी निरगाठ मारली.

"हे काय हो?"

"असू दे. गप पड."

उशाशी दोन टरबुजं ठेवलेली होती, संध्याकाळी खायला. माझा डोळा लागला. किती वेळानं कोण जाणे, कानाशीच आवाज झाला. टक, टक. उशाच्या टरबुजावर.

मी डोळे उघडले. पदराची गाठ सुटलेली होती. आमच्या दोघींच्या मधे, जिथं चटई होती तिथं, चटई बाजूला सरकलेली आणि वाळूत झिरा. पाणी हळूहळू वर चढत होतं. आत्याबाई उठून बसलेल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या झिऱ्यात बघून बोलत होत्या. लहान लेकराशी बोलावं तशा.

"राही, बाई माझी, ही माझी सून हाय. हिच्या पोटात हाय गं. हिला नको देऊ. मला दे, मी पिते. हिला नको."

मी म्हणले, "आत्याबाई, कोण राही?"

त्यांनी झिऱ्यावरची नजर न काढता सांगितलं. सलग सांगितलं, वीस वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं.

"माझी पोर. लिंबाजीच्या आधीची. तिला पाचवं लागलं होतं, लिंबाजी अंगावर पीत होता. वाडीवर पहिली टरबुजं भरली होती. ती सगळ्या वाडीतून टक टक करत फिरायची, आई हे पिकलं का, आई ते पिकलं का. त्या दिवशी मी पहिलं उतरवलं. असं ऊन होतं म्हणून सांगू! आली न् म्हणली, आई, मला फोड दे, तहान लागली. मी म्हणले, गंगेला दिल्याबिगर नाही. पुन्हा आली. मी म्हणले, तुझा बा आला की गंगेला सोडू, मग खा. तिसऱ्यानं आली तवा रडत होती. मी हात उगारला. म्हणले, गंगेच्या आधी खातीस का, अवदसे? तहान लागली तर जा, झिऱ्याचं पाणी पी."

झिऱ्यातलं पाणी आता वीतभरच खाली होतं.

"ती गेली न् पिली. शहाणी होती, ऐकायची. वरच्या डोहात कुणी तरी मासे मारायला पिकावरचं औषध ओतलं होतं. ते वाळूतून खाली आलं होतं. आम्हाला काय ठावं? दिवस मावळायच्या आत गेली. ते टरबूज तसंच होतं, हळदकुंकू लावलेलं. तिच्या बानं दुसऱ्या दिवशी ते गंगेत सोडलं. मी म्हणले, गंगामाय, पोटभर खा आता."

मी म्हणले, "पण ती आता असं का करती?"

"तिचा काय दोष? मी तिला जे दिलं, तेच ती देती. तहानलेलं माणूस दिसलं की ती पाणी काढती. वीस वर्षांत कधी एक, कधी दोन झिरे निघायचे, लांब, धारेपाशी. इतक्या जवळ कधी आली नाही."

"मग तिच्यासाठी टरबूज ठेवा की."

"दर साली ठेवते. तसंच्या तसं नासतं. खायला तोंड लागतं, पदमीन. तिला तोंड कुठंय?" आणि मग एकदम त्यांनी माझा हात धरला. "पिली नाहीस ना गं? खरं सांग. एक घोटसुद्धा?"

"नाही," मी म्हणले.

पिले होते. आता तुमच्यापासून काय लपवायचं? पहिल्याच दिवशी, शेवटच्या चराच्या तोंडाशी, आत्याबाईंची हाक यायच्या आधी मी तीन ओंजळी पिले होते. इतकं गोड पाणी मी माहेरीही कधी पिले नव्हते. तिसरी ओंजळ पोटात गेली आणि माझं लेकरू पहिल्यांदा हललं. आणि आत्याबाईंच्या तोंडून हे सगळं ऐकताना ते पोटात असं फिरत होतं, असं फिरत होतं, की मला वाटलं, संपलं. हेही गेलं. माझ्या जिभेनं गेलं.

आत्याबाईंनी झिरा बुजवला. त्यानंतर एकही निघाला नाही. त्या साली नाही आणि पुढंही नाही. आत्याबाईंनी हळूहळू जेवायला सुरुवात केली. "गेली बाई," त्या एकदा म्हणाल्या, "ऐकलं तिनं." त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि माझा मात्र टांगलेला. रोज सकाळी पोटाला हात लावायची आणि हललं की रडायची. खरं सांगायला तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. चार महिने मी असे काढले. ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

श्रावण सरता सरता मुलगी झाली. धडधाकट, जावळ कपाळावर आलेलं. नाव ठेवलं मथुरा. आत्याबाईंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि किती तरी वेळ तिच्या बोटांकडंच बघत बसल्या.

मथुरा पाणी पीत नव्हती. दूध प्यायची, पण चमच्यानं पाणी तोंडाशी नेलं की ओठ घट्ट मिटायची. जबरदस्तीनं पाजलं तर थुंकून टाकायची. दवाखान्यातली बाई मला रागावली. शेवटी आम्ही तिला पाणी खाऊ घालायला लागलो. हिवाळ्यात संत्री, उन्हाळ्यात टरबूज, एरवी काकडी, टमाटे, दुधीचं पातळ कालवण. माझी सगळी सवय उपयोगी पडली. पोर टवटवीत होती, पण तोंडानं अबोल. बापावर गेली, असं सगळे म्हणायचे.

तिला पाचवं लागलं त्या साली मी तिला वाडीवर नेलं. तोपर्यंत टाळलं होतं. पहिल्याच दिवशी ती चरांमधून फिरायला लागली. मी खोपीत होते, आत्याबाई दारात दोडकी निवडत होत्या. वेलीतून आवाज आला. टक, टक.

आत्याबाईंच्या हातातलं दोडकं खाली पडलं. मीही बाहेर आले. मथुरा एका टरबुजापाशी उकिडवी बसली होती आणि त्याला टिचकी मारून कान लावत होती. तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरात तिच्यापुढं कुणी फळाला टिचकीसुद्धा मारली नव्हती.

"हे पिकलं," ती म्हणाली.

आत्याबाई उठल्या. त्यांनी ते टरबूज तोडलं, विळा आणला, वाळूवरच बसून फोडलं. त्या सालचं ते पहिलं फळ. आत लालभडक होतं. त्यांनी मधली फोड काढून मथुराच्या हातात दिली. रस त्यांच्या मनगटावरून ओघळत होता.

मथुरानं फोड दोन्ही हातांत धरली. तोंडापाशी नेली आणि थांबली. मग वर बघून आत्याबाईंना विचारलं,

"गंगेला दिलं का?"

मी खाली बसले. गंगेच्या आधी फळ खायचं नाही, ही गोष्ट आमच्या घरात पोरीपुढं कुणी कधी काढली नव्हती.

आत्याबाईंचे डोळे भरून वाहायला लागले, पण त्यांनी ते पुसले नाहीत. पोरीच्या तोंडावर आलेले केस मागं सारले.

"नाही दिलं, माझे बाई," त्या म्हणाल्या. "गंगा थांबंल. तू खा."

"मारशील?"

"नाही गं. आता कधीच नाही. खा तू. सगळं तुझंच हाय."

मथुरानं फोड खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी, अगदी पांढऱ्या सालीपर्यंत. बिया थुंकत, हनुवटीवरून रस गाळत ती खात राहिली आणि आत्याबाई फोडी काढून देत राहिल्या. एक फळ एवढ्याशा पोरीच्या पोटात कसं मावलं, देव जाणे. खाऊन झाल्यावर तिनं आत्याबाईंच्या लुगड्याला तोंड पुसलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं.

मग आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पदमीन, तू तवा पिली होतीस."

"हाव," मी म्हणले. "तीन ओंजळी."

मला वाटलं, आता त्या मला शिव्या देतील, गालात मारतील. मारायला पाहिजे होतं. त्यांनी नुसती मान हलवली, दोन-तीनदा.

"कोंडाबाईच्या माठात पाणी असंल," त्या म्हणाल्या. "मला तांब्याभर आणून दे. लई तहान लागली."

मी माहेरचा तांब्या घेतला आणि पळत जाऊन काठोकाठ भरून आणला. आत्याबाईंनी मान वर केली आणि घटाघटा प्यायल्या. पंचवीस वर्षांत त्या वाळूवर त्यांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. अर्धा तांब्या झाला तशा थांबल्या, कारण मथुरा मांडीवरून उठून बसली होती आणि हात पुढं करत होती. त्यांनी तिच्या हातात तांब्या दिला. पोरीनं आधी आत वाकून बघितलं आणि मग उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.